मुळे अण्णांचे पांढरे शर्ट

“आन्ना आल्यात, पन टीशर्टात आल्यात!”

कानिफनाथ शिपाई ज्या आवाजात हे ओरडला, त्या आवाजात आमच्याकडं लोक विहिरीत बिबट्या पडल्याचं सांगतात. सगळं ऑफिस माना वळवून दाराकडं बघायला लागलं. निवृत्त झालो तरी त्या ऑफिसच्या वऱ्हांड्यातला बाक मी सोडलेला नाही, त्यामुळं मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. ऑफिस पारनेरातलं आणि सरकारी, एवढं पुरे. खातं कुठलं ते विचारू नका.

नृसिंह मुळे, आमचा हेडक्लार्क, अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा होता. खाली नेहमीची काळी पॅन्ट, पायात आरशासारखे बूट, आणि वर हळदीसारखा पिवळाधमक टीशर्ट. बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. छातीवर एक गलेलठ्ठ मांजर, लॅपटॉपवर डोकं टेकून झोपलेलं.

तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

“येऊ का आत?”

ज्या ऑफिसात त्याचे केस पिकले, तिथं शिरायला तो परवानगी मागत होता. शेवटी मोनिका, समोरच्या टेबलावरची क्लार्क, खुर्चीतून अर्धी उठून म्हणाली, “या ना अण्णा.”

मग तो आत आला, आपल्या टेबलाशी बसला आणि पहिली फाईल ओढली.

आता हे एवढं मोठं का, ते कळायला नृसिंहाचा पांढरा शर्ट माहीत पाहिजे. पारनेरात बघण्यासारख्या ज्या दोन-चार गोष्टी आहेत, त्यांत तो शर्ट होता. पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटनं लावलेला, आणि इस्त्रीची धार अशी की कानिफ त्याच्या बाहीवर सुपारी कातरायचा. एकदा नगरहून येताना एसटीला अशी गर्दी होती की कंडक्टरलाच जागा मिळाली नाही, तो मागून जीपनं आला. त्या गाडीतून नृसिंह पारनेरला उतरला, तेव्हा त्याच्या शेजारचा माणूस चुरगळला होता, शर्ट नाही. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण शाईचा ठिपका त्या शर्टावर कुणी पाहिला नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन, आणि माझी शपथ मी सहसा काढत नाही.

सरकारी माणसानं जीन्स-टीशर्ट घालू नये असा वरून कागद आला, तेव्हा बाकीच्या ऑफिसांत तो फायलीत जाऊन झोपला. आमच्याकडं नृसिंहानं तो दारावर लावला, पाण्याच्या फिल्टरवर लावला आणि संडासाच्या दाराला आतून लावला, म्हणजे माणसाला निवांत वाचता येईल.

हर्षल तेव्हा नवीन होता. जीन्स घालून यायचा.

“अण्णा, काम कॉम्प्युटरवर करायचं. त्याला काय कळतंय मी काय घातलंय?”

“त्याला नाही कळत. खिडकीपलीकडच्याला कळतं.” नृसिंहानं चष्म्यातून बाहेर बोट केलं. “ती राहीबाई बघ. वनकुट्याहून आलीये, दोन गाड्या बदलून. ठेवणीतलं लुगडं नेसून आलीये. लग्नाला नाही आलेली, आपल्याकडं आलीये. आणि आपण तिच्यासमोर गच्चीवर वाळवण राखायला बसल्यासारखं बसायचं?”

“आणि लुगडं नेसून तिचं काम आजही झालं नाहीच,” मोनिका म्हणाली. ती स्वतः कुर्ता घालायची, पण हर्षलची बाजू तिनं घेतली. “त्यापेक्षा जीन्समधल्या माणसानं पटकन काम केलेलं तिला चालेल. विचारून बघा.”

“आमाला बरंय बाबा,” कानिफ मध्येच म्हणाला. “सरकारनं जे अंगात घातलं तेच फाटस्तोर घालायचं. वाद न्हाई.”

राहीबाईचं काम नृसिंहानं त्याच दिवशी करून दिलं. पण हर्षललाही पॅन्ट बदलायला घरी पाठवलंच. हर्षल जामगावचा. तो बदलून येईपर्यंत ऑफिस सुटलं होतं.

नृसिंहाचा मुलगा केदार पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. एकुलता एक. पगार बापापेक्षा मोठा, पण नृसिंहाला ती नोकरी कधी नोकरी वाटलीच नाही. “अर्ध्या चड्डीत जातो हो हा ऑफिसला,” तो मला सांगायचा, “याला काढून टाकलं तरी कळायचं नाही. कपडे तेच राहणार.” बापलेकांचं भांडण व्हायचं ते एवढ्यावरूनच. दुसरं काही नव्हतंच त्या घरात भांडायला.

एकदा नृसिंह चष्मा घरी विसरला. केदार सुट्टीला आलेला, तो चष्मा घेऊन ऑफिसात आला. अंगात हाच पिवळा टीशर्ट, हेच मांजर. दारातून हसत आत शिरणार, तोच नृसिंह जागेवरून ओरडला, “बाहेर! बाहेर थांब. असल्या कपड्यात आत यायचं नाही. दारावर काय लिहिलंय?”

“बाबा, मी चष्मा द्यायला आलोय. मी काय इथं नोकरीला नाही.”

“माझा मुलगा आहेस. लोक आधी मलाच विचारतील.”

सगळं ऑफिस ऐकत होतं. केदार बाहेर गेला, निंबाखालून वळून खिडकीशी आला आणि गजांमधून चष्मा आत दिला. वर म्हणाला, “घ्या हेडक्लार्कसाहेब. पोच द्या.” तेव्हा सगळे हसले. नृसिंहही हसला असता, पण त्याला ऑफिसात हसायची सवय नव्हती.

पुन्हा केदार ऑफिसात आला नाही. राग म्हणून नव्हे. दिवाळीला घरी आला, बापाला मोबाईल आणला, आईला घेऊन शिर्डीला जाऊन आला. नुसतं ऑफिसात यायचं काही कारण पडलं नाही. आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका दुपारी, पुण्यात कामावर बसल्या जागी त्याची मान खाली गेली. शेजारच्यांना वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिशीसुद्धा उलटली नव्हती.

इथून पुढं मला तिखटमीठ लावता येत नाही. लावून बघितलं, लागत नाही.

दहावा-तेरावा झाल्यावर नृसिंह केदारच्या कंपनीत त्याचं सामान आणायला गेला. मी सोबत होतो. आम्ही दोघं पांढऱ्या शर्टात, काचेच्या त्या मोठ्या खोलीत दोन बगळ्यांसारखे. सगळी पोरं-पोरी जागेवरून उठून आली. कुणी टीशर्टात, कुणी अर्ध्या चड्डीत, एका पोरीच्या पायात घरातल्या सपाता. त्यांचा साहेब कोण ते आम्हाला ओळखूच येईना. नृसिंह नीट कपड्यांतला माणूस शोधत होता आणि तसा कुणी नव्हता. मग सपातावाली पोरगीच पुढं आली; तीच साहेब. तिनं नृसिंहाचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर रडली. नंतर तिनं स्वतः चहा करून आणला. केदारच्या खुर्चीवर नृसिंहाला बसवलं. बाकीची पोरं भोवती जमिनीवर बसली आणि केदार काय काय बोलायचा ते सांगत राहिली. बराच वेळ.

येताना गाडीत शिरूर मागं पडलं. मग तो म्हणाला, “मला कुणी दारात अडवलं नाही रे.”

घरी केदारचं कपाट होतं. पुण्याच्या खोलीतलं सगळं त्यातच आणून ठेवलेलं. नृसिंह रोज ऑफिसातून आला की कपाट उघडायचा, बघायचा, लावायचा. एक दिवस उघडलं तर आत नुसते हँगर. त्याच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, सकाळी आलेल्या लंकाबाई बोहारणीला सगळे कपडे देऊन टाकले होते. भांडं नको म्हणाल्या होत्या, पण फुकटचा कपडा लंकाबाई उचलत नाही. ओट्यावर एक स्टीलचा डबा ठेवून ती गेली होती.

नृसिंह ओरडला नाही. “का दिलेस?” एवढंच विचारलं.

“अहो, वास जायला लागला होता त्याचा,” वहिनी म्हणाल्या. “उघडलं की कमी, उघडलं की कमी. एक दिवस उघडलं असतं आणि नुसतंच कपाट असतं. ते नसतं बघवलं मला.”

पुढच्या बाजारात मी भाजी घेत होतो, तेव्हा नृसिंह मला जुन्या कपड्यांच्या रांगेत दिसला. लंकाबाईच्या दोरीवर तो पिवळा टीशर्ट वाऱ्यानं हलत होता, मांजर उलटं-सुलटं होत होतं. बाकी कपडे विकून गेलेले.

“ह्यो?” लंकाबाई म्हणाली. “तुमी तर पांढऱ्याबिगर घालीत न्हाई आन्ना.”

“माझ्या मुलाचा आहे.”

“मंग त्यानला धाडा की. हवा आसंल तर माघारी नेतील.”

ऊन म्हणून नृसिंहानं टोपी काढून घाम पुसला, आणि लंकाबाईला त्याच्या डोक्यावरचे नुकते उगवलेले खुंट दिसले. तिचा हात तोंडावर गेला.

“आगं बया. वैनी काई बोलल्या न्हाईत वो. बोलल्या आस्त्या तर मी शिवले नसते त्या कापडाला.”

नृसिंहानं खिशात हात घातला.

“पैसं नगं!” ती मागं सरकली. “लेकराचं कापड बापाला इकू व्हय? मला कुठं जागा हुईल मंग? आमच्यात बदली कापड चालतं. एक द्या, एक न्या. म्हंजी दोगांवर बी वझं न्हाई.”

“आणि बाकीचे?”

“गेलं की. कुनी कुनी नेलं ते बघावं लागंल. हाय आपल्याच बाजारातली गिऱ्हाइकं. इचारते.”

नृसिंह घरी गेला आणि गाठोडं घेऊन आला. त्याचे सगळे पांढरे शर्ट, इस्त्री केलेले, घडीवर घडी.

“बाकीचे मिळेपर्यंत हे ठेवून घ्या.”

“आवं, समदं? एक द्या म्हनलं मी.”

“सगळे.”

मग त्यानं भर बाजारात अंगातल्या शर्टाची बटनं सोडली, गळ्यापासून खालपर्यंत, एकेक. तोही काढून घडी घालून गाठोड्यावर ठेवला आणि दोरीवरचा पिवळा टीशर्ट डोक्यातून घातला. कोथिंबीरवालीनं जुडी हातातच धरून ठेवली. मी त्याला हाक मारली नाही. तो मांजर छातीशी घेऊन बाजारातून सरळ चालत गेला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या दारात उभा राहून “येऊ का आत?” म्हणाला, ती गोष्ट तुम्हाला सांगून झालीच आहे.

केदारचे बाकीचे कपडे लंकाबाईला काही मिळाले नाहीत. आणि ठेवीच्या गाठोड्याचं तिच्या सुनेला माहीत नव्हतं. तिनं चांगला माल बघून सगळे शर्ट पुढच्या बाजाराला विकून टाकले. मग पारनेरभर नृसिंहाचे शर्ट हिंडायला लागले. एक भेळवाल्याच्या अंगावर. एक पाण्याच्या टँकरवाल्याच्या. सुप्याच्या रस्त्याला एका बुजगावण्यानं तो घातला होता, आणि ते इतकं रुबाबदार दिसायचं की पाखरं तर सोडाच, दोन माणसं बांधावरून त्याच्याकडं अर्ज घेऊन गेली, असं म्हणतात.

दुकानात शर्टांना काही तोटा नव्हता. सुहास साहेब, आमचे ऑफिसर, पहिल्या आठवड्यात म्हणाले, “अण्णा, घ्या की नवे.” नृसिंह म्हणाला, “घेतो.” आणि रोज सकाळी त्याच टीशर्टात निंबाखाली येऊन उभा राहायचा. इंदूवहिनी रात्री धुवायच्या, सकाळी तो घालायचा. रोज दारात थांबून विचारायचा, “येऊ का आत?” रोज कुणीतरी “या” म्हणायचं. बहुतेक मोनिका. ती नसली की कानिफ.

हर्षल मात्र ‘या’ म्हणायचा नाही. त्याचं सरळ होतं.

“वाईट झालं, मला मान्य आहे. पण मला जामगावला पाठवलं होतं यांनी. नियम आहे तर सगळ्यांना पाहिजे.”

“तुला माणूस दिसतो का नियम?” मोनिका.

“त्यांना तेव्हा दिसत होता का माणूस?”

नृसिंह तिथंच बसलेला. वर न बघता म्हणाला, “बरोबर आहे त्याचं.”

मग नगरहून मोठे साहेब तपासणीला येणार, असं कळलं. सुहास साहेबांनी नृसिंहाला आत बोलावलं. दार उघडंच होतं आणि माझा बाक जवळ आहे.

“अण्णा, मला कळतं सगळं. पण हे मोठे साहेब कपड्यांवरून फार कडक आहेत. तुमची पेन्शन तोंडावर आलीये. उगाच नोटीस, खुलासे कशाला? एक दिवस शर्ट घाला. नाहीतर एक दिवस रजा टाका.”

“रजा नको साहेब. घरी इंदू त्या मोकळ्या कपाटासमोर बसलेली असते. दोघांनी कशाला बसायचं?”

“मग शर्ट घाला. एकच दिवस.”

मी डोकावलो. नृसिंह खाली मान घालून छातीवरच्या मांजराकडं बघत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “याला मी एकदा बाहेर उभं केलंय. आता परत कसं करू?”

सुहास साहेबांनी फाईल उघडली आणि तिच्यात काही नसताना वाचत बसले.

तपासणीच्या दिवशी नृसिंह आला तो टीशर्टातच. मोनिकाच्या तोंडावरचा रंग उडाला. मोठ्या साहेबांची गाडी कान्हूर फाट्याला आल्याचा फोन आला, तेवढ्यात हर्षल बाहेरून धावत आला. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं नृसिंहाच्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

आत नृसिंहाचाच एक पांढरा शर्ट होता. धुतलेला, इस्त्री केलेला. भेळवाल्याकडचा. पैसे देऊन आणला असेल असं मला वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी हर्षलची ती घरी पाठवलेली जीन्स मी भेळवाल्याच्या अंगावर पाहिली, खालून दोन घड्या घातलेली.

नृसिंहानं शर्ट हातात घेतला. हर्षलकडं बघितलं. हर्षल कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. मग नृसिंह संडासात गेला, जिथं आतून तो कागद अजून चिकटवलेला होता, आणि बाहेर आला तो पहिल्यासारखा. गळ्यापर्यंत बटनं. मोनिकानं श्वास सोडला. कानिफनं तर हातच जोडले. “आता कसं! आमचं आन्ना!”

मला मात्र शर्टाची छाती जराशी फुगलेली वाटली.

मोठे साहेब आले. कोट, टाय, बरोबर दोन माणसं. सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मान हलवली आणि नृसिंहाच्या समोरची खुर्ची ओढून बसले. फाईल मागतील ती नृसिंह हात न चाचपडता काढून देई. साहेब खूश होते. आणि मग लाईट गेली.

पंखा गरगरत थांबला. पत्र्याखालचं ऑफिस, एप्रिलची दुपार. साहेबांनी टाय सैल केला. नृसिंहानं बटन सोडलं नाही. घाम आधी त्याच्या कपाळावर आला, मग मानेवर, आणि मग शर्टाला लागला.

पहिल्यांदा दोन कान दिसले.

पातळ पांढऱ्या कापडाखालून पिवळा रंग वर आला, कानांखाली गोल डोकं आलं, मिटलेले डोळे, मिशा. शर्ट भिजत गेला तसं ते मांजर छातीवर पसरत गेलं आणि लॅपटॉपवर डोकं टेकून निवांत झोपलं. सगळं ऑफिस बघत होतं. नृसिंह आकडे वाचून दाखवत होता.

मोठ्या साहेबांचं लक्ष गेलं. पेन थांबलं.

“हे आत काय घातलंय?”

नृसिंहानं फाईलवरून मान वर केली.

“बनियन आहे, साहेब.”

वरिष्ठांपुढं तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला. खोट्याची मला पारख आहे; जन्मभर तेवढाच धंदा केला. पण इतकं साधं, इतकं उघडं खोटं मला कधी जमलं नव्हतं.

साहेब मांजराकडं बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. सुहास साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, “घ्या सर, उकडतंय फार.” साहेबांनी सुहास साहेबांच्या तोंडाकडं बघितलं, मग हर्षलच्या, मग मोनिकाच्या. तिनं डोळे पुसले नव्हते. ते पाणी प्यायले.

“पुढची फाईल,” ते म्हणाले.

चारच्या सुमाराला गाडी नगरकडं गेली. त्यापाठोपाठ लाईट आली. पंखा फिरायला लागला. सगळे एकदम बोलायला लागले. कानिफ चहा सांगायला पळाला. नृसिंह जागेवरून उठला नव्हता. पंखा बरोबर त्याच्या डोक्यावर. वारा लागला तसा शर्ट वाळायला लागला. आधी लॅपटॉप गेला, मग मिशा, मग मिटलेले डोळे. नृसिंह मान खाली घालून ते बघत होता. पांढरं कापड वाळून कोरं होत चाललं होतं. शेवटी नुसते दोन कान राहिले होते.

त्यानं टेबलावरचा तांब्या उचलला, वरून धार धरून पाणी प्यायला, आणि पिता पिता थोडं छातीवर सांडू दिलं.